विटांखालील नळाची मोहीम

शनिवारी दुपारी तीन वाजता, ऑक्टोबरच्या अठरा तारखेस, यूटा प्रांती, सॅनपीट खोऱ्यात, एफ्राइम कसब्यात रूलन जेन्सन यांनी आपल्या लॉनच्या नळांत हवा सोडली.

येणेप्रमाणे मोहिमेस आरंभ जाहला. पुढे जे घडले ते क्रमाने लिहिले आहे. कुंपणापलीकडून कळले ते कळले म्हणून लिहिले, डोळ्यांसमोर घडले ते घडले म्हणून लिहिले, पराक्रम वाढवला नाही आणि फजिती झाकली नाही. थोर लढायांत राज्ये जातात. या लढाईत विटांचे एक अंगण जाणार होते. परंतु ज्याचे जाते त्यास विचारावे, थोर काय आणि लहान काय.

अंगणाचा मजकूर ऐसा. गावची जुनी प्राथमिक शाळा गतसाली पाडली. त्या शाळेत मेरिलीबाई, रूलनसाहेबांचे कुटुंब, अर्धी हयात पहिलीच्या वर्गावर होत्या. शाळा पडली ते दिवशी बाई जातीने ढिगाऱ्यापाशी गेल्या आणि मुकादमाशी बोलणे लावून लाल विटा घरी आणवल्या, आणि मग हिवाळाभर गॅरेजात बसून एकेका विटेचा जुना चुना छिन्नीने सोडवला, आणि मग वसंतात जमीन खणली, वाळू पसरली, दोरी धरली, आणि उन्हाळाभर गुडघ्यांवर बसून स्वयंपाकघराच्या दारापुढे अंगण घातले. काही विटांवर पोरांनी खिळ्याने कोरलेली नावे होती. ती नावे वर राहतील ऐशा बेताने त्या विटा मधोमध बसवल्या. तैशा विटा पुन्हा मिळणे नाही, कारण शाळा पुन्हा पडणे नाही.

परंतु त्या अंगणाच्या पोटाखालून पाण्याचा मुख्य नळ जातो, आणि तोही वीतभरच खोल. खणतानाच बाईंच्या दृष्टीस तो पडला आणि त्यांनी यजमानांस कळवले, की आधी नळ बाजूस घ्यावा, मग विटा बसवाव्या. तेव्हा रूलनसाहेबांनी नळाकडे पाहिले, कुदळीकडे पाहिले, आणि वचन दिले. वचन ऐसे, की दर साली थंडीपूर्वी आपण स्वहस्ते हवा मारून नळ कोरडा करू, आणि पाणी नाही तर बर्फ नाही, बर्फ नाही तर नळ फुटणे नाही, सबब विटा खुशाल बसवाव्या. त्या वचनावर विटा बसल्या. नळ फुटला तर वसंतात पाणी सोडताच खालची वाळू वाहून जाईल, अंगण खचेल, आणि दुरुस्तीस एकेक वीट उपटावी लागेल, हे उभयतांस ठाऊक होते. त्याविषयी घरात पुन्हा बोलणे निघाले नाही, यावरून ते किती ठाऊक होते हे कळते.

शनिवारी सकाळी रेडिओवरून वर्तमान आले, की उत्तरेकडून थंडी मोठ्या सरंजामानिशी निघाली आहे, आज रात्री खोऱ्यात उतरेल आणि पारा अठरावर आणील. त्या मुलखाच्या मापाने बत्तीसावर पाण्याचा दगड होतो. दुसरे दिवशी रविवार, आणि रविवारी जेन्सन घराण्यात हत्यार उचलत नाहीत, चर्चला जातात. ट्रकमागे मोठा कॉम्प्रेसर जोडून घरोघर नळ फुंकत फिरणारा एक इसम गावात होता, परंतु हरणांच्या शिकारीचा तो पहिला दिवस असल्याकारणे तो इसम आणि गावातील बहुतेक कर्ते पुरुष नारिंगी बंड्या चढवून डोंगरात गेले होते. सबब मुदत नाही आणि कुमकही नाही.

उरली घरची तोफ. खिळे ठोकण्याच्या बंदुकीसाठी घेतलेला लहान कॉम्प्रेसर तो हा. टाकी थालीपिठासारखी चपटी, वर मोटर, बाजूस दाबाचा काटा. घटकाभर चालला की धापा टाकी, आणि मग थांबून पुन्हा श्वास भरी. मेरिलीबाई त्यास ‘दमेकरी’ म्हणत. रूलनसाहेबांस ते नाव मंजूर नव्हते.

आता शत्रूचा मजकूर. त्या मुलखात घरास पाणी दोन, एक पिण्याचे आणि एक कालव्याचे. लॉनवरचे फवारे कालव्याच्या पाण्यावर चालतात. कालवा कंपनी ते वसंतात सोडते आणि ऑक्टोबरच्या पंधरा तारखेस बंद करते, ऐसे रूलनसाहेबांच्या वडिलांच्या काळापासून चालत आले. याखेरीज पाणी तोडण्यास प्रत्येक घराची स्वतःची चावी असते. जेन्सन यांची चावी लॉनच्या कोपऱ्यात, हिरव्या झाकणाखाली, हातभर खोल खड्ड्यात होती. जुलैत रूलनसाहेबांनी ते झाकण उचलले असता आत एक कोळी बसलेला दिसला, काळा, चकचकीत, पोटावर लाल खूण, चावला तर दवाखाना दाखवणारा. तेव्हा झाकण पुन्हा ठेवले ते ठेवलेच. त्या स्वारीची हकीकत घरात कोणास कळवली नव्हती.

मोहिमेच्या प्रारंभी मेरिलीबाई गॅरेजात, भिंतीवरच्या पेटीपाशी उभ्या राहिल्या. त्या पेटीच्या खटक्यांनी लॉनचे पाच भाग एकामागून एक उघडत. रूलनसाहेब त्यांस झोन म्हणत, या लेखात त्यांस परगणे म्हटले आहे. बाईंनी जागेवरून विचारले,

“खड्ड्यातली चावी बंद केलीस?”

“कालवाच बंद आहे. पंधरा तारीख गेली.”

“मी चावीचं विचारलं.”

“बंद दाराला कुलूप कशाला लावायचं, मेरिली?”

“लोक लावतात की.”

“एक नंबर सोड.”

बाईंनी एक नंबर सोडला. लांबच्या कुंपणाशी फवाऱ्यांनी माना वर काढल्या, खोकले, आणि पाणी व हवा एकत्र थुंकू लागले. रूलनसाहेबांनी ते पाहिले आणि त्यांस मोठा आनंद जाहला. मग दमेकऱ्याचा श्वास सरला, मग खटका बंद केला, मग टाकी भरण्याची वाट पाहिली, मग पुन्हा हल्ला केला, आणि पुन्हा तितकेच पाणी आले. तेव्हा रूलनसाहेबांनी अनुमान बांधले, की नळांत पाणी फारच साठले असून ते आता बाहेर पडत आहे, तस्मात मोहीम उत्तम चालली आहे. ऐसे सहा वेळा जाहले. सहाव्या खेपेस फवारे पहिल्याहून जोमात होते.

“मुळा,” रूलनसाहेब म्हणाले.

येथे खुलासा करणे प्राप्त आहे. रूलनसाहेब शिवी देत नसत. गरज पडेल तेव्हा भाजीचे नाव घेत. किरकोळ अडचणीस मुळा, जड प्रसंगास कोबी, आणि लाल भोपळा हा शब्द बेचाळीस वर्षांच्या संसारात मेरिलीबाईंनी दोनदाच ऐकला होता.

मुळा हा शब्द कुंपणापलीकडे गेला आणि तेथून व्हर्ल सोरेन्सन उगवले. हे शेजारचे धनी, रूलनसाहेबांचे शाळासोबती, पहाटेच डोंगरात गेलेले आणि दुपारीच परतलेले, अंगात अद्याप नारिंगी बंडी. कुंपणावर कोपरे टेकून ते सूर्यफुलाच्या बिया सोलू लागले. एरवी ते नावाने हाक मारीत. टोमणा मारायचा असला म्हणजे चर्चमधली हाक मारीत.

“ब्रदर जेन्सन, फुगे फुगवताय काय?”

“नळ रिकामा करतोय.”

“त्या डब्यानं?”

“पन्नासचा दाब आहे त्याला.”

“दाब माझ्याही अंगात आहे. दम लागतो, दम. नळ केवढा, डबा केवढा. अरे, पेंढ्याच्या काडीनं तळं उपसतोयस.”

“तुझं हरीण कुठंय, व्हर्ल?”

“डोंगरात. मजेत आहे.”

“मग तू त्याच्याकडे बघ, मी माझं बघतो.”

व्हर्ल हलले नाहीत. त्या गावात दुसऱ्याचे काम पाहणे ही मदतच समजतात.

मग रूलनसाहेबांनी फर्मान काढले, की परगणा बदलावा. दोन नंबर सोडला, तेथेही पाणी. तीन नंबर सोडला, तेथेही पाणी, आणि इतके, की शेवंतीच्या कुंड्या न्हाऊन निघाल्या. उन्हे डोंगराकडे कलली, वाऱ्यास धार आली. रूलनसाहेबांच्या बाह्या भिजल्या, परंतु उमेद भिजली नव्हती. त्यांनी पाचही खटके बंद करविले आणि दमेकऱ्यास घटकाभर विसावा द्यावा म्हणून त्याची कळ बंद केली.

इतक्यात कॉम्प्रेसरास जोडलेली रबरी नळी सापासारखी हलली. मग काट्याशेजारच्या बारीक छिद्रातून पाण्याची एक चिळकांडी उडाली आणि रूलनसाहेबांच्या चष्म्यावर बसली. त्यांनी धावून टाकीच्या बुडाची चावी उघडली. त्या चावीतून एरवी दोन थेंब गंजाचे पडत. आता धार लागली, तांबडी, मग पिवळी, मग स्वच्छ. शत्रू हटला तर नव्हताच, उलट नळीवाटे चालून येऊन आपल्या तोफेच्या पोटात तळ देऊन बसला होता.

“कोबी,” रूलनसाहेब म्हणाले.

ते ऐकून मेरिलीबाई गॅरेजातून बाहेर आल्या. हाती गरम चॉकलेटचा पेला होता. त्यांनी धार पाहिली, नवरा पाहिला, आणि मग रस्त्यापलीकडे पाहिले. तेथे पाहत पाहत त्या म्हणाल्या,

“रूलन, समोरच्यांचं लॉन भिजतंय.”

सर्वांनी पाहिले. समोरच्या घरापुढे फवारे शांतपणे गोल फिरत होते.

“भिजणारच,” व्हर्ल म्हणाले. “कालवा दहा दिवस वाढवलाय ना. पुढच्या शनिवारी बंद.”

“कुणी सांगितलं?”

“चर्चमध्ये. गेल्या रविवारी, सगळं संपल्यावर.”

“मी होतो चर्चमध्ये.”

“होतास की. मान खाली, डोळे मिटलेले. आम्हाला वाटलं प्रार्थना लांबली.”

“आणि तू?” रूलनसाहेबांनी कुटुंबाकडे वळून विचारले.

“मी तिथल्याच पोरांच्या वर्गावर होते, मागच्या खोलीत. एकानं नाकात खडू घातला होता. आणि मला कशाला विचारतोस? मी आल्या आल्या चावीचं विचारलं होतं.”

आपण दुपारपासून नळाशी लढत नसून कालव्याशी लढत आहो, कालव्यामागे धरण आहे, धरणामागे डोंगर आहे आणि डोंगरावर गतसालचा सगळा बर्फ होता, हे रूलनसाहेबांच्या ध्यानी आले. समोर थालीपिठाएवढा दमेकरी जमिनीवर ओकत होता. ऐसा विषम सामना त्या खोऱ्यात पूर्वी जाहल्याचे कोणास आठवत नाही.

तेव्हा खलबत भरले. एकच तोड निघाली, की खड्ड्यात उतरून घरची चावी बंद करावी. रूलनसाहेबांनी पाणी न येता हवा मारता येईल ऐशा आणखी दोन युक्त्या सुचविल्या. दोन्हींवर मेरिलीबाईंनी भुवई उचलली आणि त्या बाद जाहल्या. मग रूलनसाहेबांनी गॅरेजातून लांब दांड्याची लोखंडी किल्ली आणली, कोपऱ्यात गेले आणि झाकणापाशी उभे राहिले. उभेच राहिले.

“काय झालं?” बाईंनी विचारले.

“आत कोळी आहे.”

“कसला?”

“काळा. लाल खुणेचा.”

“केव्हापासून?”

“जुलै.”

बाई म्हणाल्या, “म्हणजे तारखेबिरखेचं काही नव्हतं. कोळी होता.”

“तारीखही होती,” रूलनसाहेब म्हणाले.

झाकण उघडले. आत कोळ्याने कडेकोट जाळे विणले होते आणि चावीचे तोंड सुकल्या पानांखाली व चिखलाखाली गाडले गेले होते. दांडा लांब असून उपयोग नव्हता. चिखल हातानेच काढणे भाग होते. व्हर्ल कुंपण ओलांडून जवळ आले, कारण ऐसे पाहणे लांबून होत नाही.

“त्यानं चावल्यावर माणूस मरत नाही म्हणतात,” ते म्हणाले. “नुसता पश्चात्ताप होतो.”

“तू जरा गप्प बस,” मेरिलीबाई त्यांस म्हणाल्या, आणि मग नवऱ्यास म्हणाल्या, “बाजूला सर. मी घालते हात. माझ्या विटा आहेत.”

“नको. शब्द मी दिलाय.”

आणि मग रूलनसाहेबांनी विटा बसवण्याचे कुटुंबाचे जाड हातमोजे चढवले, जे त्यांस तोकडे होत आणि मनगट उघडे टाकीत, आणि लॉनवर पालथे पडले, आणि उजवा हात खांद्यापर्यंत खड्ड्यात घातला. एक मूठ पाने काढली. दुसरी मूठ चिखल काढला. तिसऱ्या मुठीस कोळी आपल्या जागेवरून निघाला, सावकाश, घाई नसलेल्या सरदारासारखा, आणि हातमोज्याच्या पाठीवर चढला आणि मनगटाच्या दिशेने चालू लागला.

“हलू नकोस,” मेरिलीबाई म्हणाल्या.

“लाल भोपळा,” रूलनसाहेब अगदी हळू म्हणाले.

मेरिलीबाईंनी तो शब्द ऐकला आणि त्यांचा हात नवऱ्याच्या पाठीवर गेला, आणि तेथेच राहिला. व्हर्ल यांनी तोंडातली बी गिळली, टरफलासकट. कोळी हातमोज्याच्या काठापाशी आला. पुढे उघडे मनगट. तेथे त्याने एक पाय उचलून मनगट चाचपले, आणि त्यास काय वाटले कोण जाणे, तो फिरला, मोज्यावरून उतरला आणि खड्ड्याच्या भिंतीतील फटीत जाऊन बसला. येणेप्रमाणे तह जाहला. कलमे ऐशी, की कोळ्याने फटीत राहावे, रूलनसाहेबांनी चावीपुरता हात घालावा, आणि वसंतापर्यंत उभयपक्षी कोणी कोणास छेडू नये.

किल्ली बसली. चावी गंजली होती, ती रूलनसाहेबांनी आणि व्हर्लनी दोघांनी मिळून फिरवली, आणि समोरच्यांचे फवारे चालू असता जेन्सन यांचे पाणी तुटले. मग दमेकऱ्याचे पोट पुरते रिकामे केले, पुसले, त्यास उताणा करून झटकले, आणि कळ दाबली. तो खोकला आणि लागला.

आता जी लढाई जाहली ती खरी. एक नंबरचा परगणा दोन हल्ल्यांत पडला. फवाऱ्यांतून आधी पाणी, मग तुषार, मग धुके, मग नुसती फुस आली. दोन नंबर तैसाच. तीन नंबर हट्टी निघाला, त्याने तीन हल्ले घेतले आणि शेवंतीवर शेवटची पिचकारी मारून शरण आला. व्हर्ल यांनी बिया खिशात ठेवल्या आणि लॉनच्या टोकाशी उभे राहून कोणता फवारा कोरडा जाहला हे ओरडून कळवू लागले, जासुदीचे काम त्यांनी चोख केले. चौथा आणि पाचवा परगणा विटांपलीकडे होते. त्यांचे पाणी विटांखालच्या नळातूनच जाणार.

चार नंबर सोडला तेव्हा अंगणाच्या पोटातून गुरगुर ऐकू आली. मेरिलीबाई पेटी सोडून आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि विटेवर कान ठेवला. ज्या विटेवर ठेवला तीवर ‘टेड’ ऐसे कोरलेले होते.

“वाजतंय,” त्या म्हणाल्या. “मार अजून.”

रूलनसाहेबांनी अजून मारले. गुरगुर वाढली, मग कमी जाहली. चार नंबरने फुस केले. सूर्य डोंगरामागे गेला, बाईंच्या तोंडाची वाफ विटांवर दिसू लागली. पाच नंबरचा खटका दाबण्यास आता व्हर्ल गॅरेजात गेले. पाणी आले, तुषार आले, धुके आले. दमेकरी थरथरत होता, मोटरीतून तापल्या रबराचा वास येत होता.

“आता?” रूलनसाहेबांनी विचारले.

“थोडं आहे. खोलगट भागात काहीतरी डचमळतंय. अजून एकदा.”

रूलनसाहेबांनी टाकी भरू दिली, चावी पूर्ण उघडली, आणि दमेकऱ्याने असेल नसेल तेवढा श्वास एका दमात दिला. पाच नंबरच्या फवाऱ्यांनी लांबलचक फुस केले. त्यासरशी मोटर टक् ऐसा आवाज करून बंद पडली, ती पुन्हा लागेना. कळ दाबली, वायर काढून घातली, वीस मिनिटे निववली, व्हर्ल यांनी त्यास एक लाथही घातली. लागेना.

“हवा आली ना शेवटी?” रूलनसाहेबांनी विचारले.

“हवा आली.”

“मग झालं.”

“हवा आली का हे मी बघत नव्हते. पाणी राहिलं का हे बघत होते.”

“राहिलं का?”

मेरिलीबाईंनी विटेवरून कान काढला. कानावर विटेचा लाल ठसा उमटला होता.

“शेवटी एकदा वाजल्यासारखं वाटलं,” त्या म्हणाल्या. “नळ असेल. नाहीतर तुझा दमेकरी.”

“मला तर काहीच ऐकू आलं नाही,” व्हर्ल म्हणाले.

“तुला शिट्टी ऐकू येत नाही.”

मग सर्व आत गेले, आणि भट्टीतले चीजबटाटे काढले, आणि व्हर्ल यांसही पान मांडले, कारण चावी फिरवण्यात त्यांचा हात होता. बाईंनी यजमानांस दोनदा वाढले. त्यावरून त्यांची मर्जी कळावी, परंतु व्हर्ल यांसही दोनदाच वाढले होते, सबब निश्चित सांगवत नाही.

येणेप्रमाणे ऑक्टोबरच्या अठरा तारखेस, सूर्यास्तासमयी, रूलन जेन्सन यांनी कालव्याचे पाणी तोडले, पाचही परगणे कोरडे केले, खड्ड्यातील कोळ्याशी तह केला आणि दिलेला शब्द हातघाईवर येऊन पाळला. मोहीम फत्ते जाहली. आपल्याकडील नुकसान एक कॉम्प्रेसर, एक चष्मा ओला. सामील असामींत मेरिली जेन्सन, व्हर्ल सोरेन्सन. सही-साक्षीची गरज नाही, सगळ्या गल्लीने ऐकले आहे.

त्या रात्री पारा सोळावर उतरला. रविवारी सकाळी लॉन पांढरे होते, विटाही पांढऱ्या होत्या. उभयतां चर्चला गेली आणि रूलनसाहेब शेवटच्या सूचनांपर्यंत जागे राहिले. नळ फुटला की वाचला, हे एप्रिलात पाणी सोडल्यावाचून कळावयाचे नाही. सोमवारी सकाळी मेरिलीबाईंनी अंगणाच्या मध्यभागी जाऊन, खालचा नळ भरला की रिता हे कळावे म्हणून, विटांवर टाच आपटून पाहिली, मग रूलनसाहेबांनी त्याच जागी आपटून पाहिली. आवाज भरीव आला की पोकळ, यावर हे लिहीपर्यंत दोघांचे एकमत नाही.